कोटणीसांचा चीन

गलवाननंतर आपल्याकडे एक मांडणी फोफावली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे चीनच्या प्रचाराचे भांडवल आहे, त्यांच्या घरच्यांना चिनी पाहुण्यांनी दिलेल्या भेटी आणि त्यांचे स्मारक या सगळ्याकडे आता संशयानेच पाहायला हवे, असे ती सांगते. १५ जून २०२० च्या रात्री त्या खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान मारले गेले. तो संताप माझाही आहे. पण त्याची वसुली सोलापूरच्या कोटणीसांच्या घराकडून करणे मला साफ नामंजूर आहे.

१९३८ साली जपान चीन भाजून काढत होता. चिनी सेनानी चू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला हाक दिली आणि पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि तिशीही न गाठलेले कोटणीस. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीसांनी तिथल्या बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी घेतली, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने ते गेले. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

पुढच्याच वर्षी सुभाषबाबू त्याच जपानच्या पाठबळावर आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करत होते. याचा दोष मी त्यांना देत नाही. स्वातंत्र्याची वाट त्यांना तिकडून दिसली. पण राष्ट्रांच्या मैत्रीचे आयुष्य एवढेच असते, पाच वर्षांचे. कोटणीसांच्या घराने तिच्या तालावर सुनेशी नाते जोडायचे आणि तोडायचे होते काय?

इथे मला रवींद्रनाथांकडे जावे लागते, आणि जरा रेंगाळावेही लागते. जपान हे त्यांचे जुने प्रेम होते. १९१६ पासून ते तिथे जात होते, आणि त्या देशाच्या सौंदर्यदृष्टीवर त्यांनी भरभरून लिहिले होते. योने नोगुची हे जपानी कवी त्यांचे स्नेही. १९३८ मध्ये या नोगुचींनी पत्र लिहून चीनवरच्या चढाईचे समर्थन केले आणि रवींद्रनाथांचा पाठिंबा मागितला. रवींद्रनाथांनी जे उत्तर दिले त्यात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. जपानी माणसांवरचे प्रेम त्यांनी नाकारले नाही, आणि त्या प्रेमापोटीच, या लोकांना विजय नव्हे तर पश्चात्ताप लाभो, अशी इच्छा लिहून कळवली. परक्या देशाशी जडलेले नाते कसे निभवावे, याचा याहून स्वच्छ धडा मला माहीत नाही. ते नाते तोडायचे नसते आणि त्यापायी सत्य गिळायचेही नसते. आजच्या संशयखोरांना यातले दुसरे कळते, पहिले कळत नाही.

पण इथवर आल्यावर आपल्याच बाजूच्या लोकांशीही मला भांडण काढावे लागते. कोटणीस कुटुंब हा भारत आणि चीन यांच्यातला सेतू, असे आम्ही वर्षानुवर्षे व्यासपीठांवरून म्हणत आलो. त्या घराच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले? क्वो छिंगलान १९५८ साली सासरच्या माणसांना येऊन भेटून गेल्या. चार वर्षांत दोन्ही देशांत युद्ध पेटले. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला, पंचविशीही न ओलांडता. २०१२ मध्ये त्या स्वतः गेल्या. मुंबईत राहिल्या त्या नणंदा. २००६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू चिंताओ त्यांना भेटले, २०१३ मध्ये पंतप्रधान ली कछियांग. सप्टेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग यांनी दिल्लीत त्यांतल्या वृद्ध मनोरमाताईंचा गौरव केला, तेव्हा त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमारला चिनी सैनिक घुसून बसले होते. एका म्हाताऱ्या बाईच्या भावाच्या आठवणीने सीमा शांत होत नाही. आणि तशी अपेक्षा तिच्याकडून करणे हीसुद्धा दांडगाईच आहे. संशय घेणारे आणि मिरवणारे, दोघेही घराला सरकारी मालमत्ता समजतात.

या समजाचे टोक कुठे जाते, तेही पाहा. आसाममध्ये माकुम नावाचे गाव आहे. चहामळ्यांत कामाला आणलेल्या चिनी माणसांची नातवंडे-पतवंडे तिथे राहत. घरात आसामी बोलत, कित्येकांच्या आया इथल्याच. त्याच युद्धाच्या दिवसांत, १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये, आपल्या सरकारने माकुम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून सुमारे तीन हजार लोकांना उचलले, आगगाडीत घातले आणि राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत डांबले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती. त्यांच्यावर खटला चालला नाही. अनेकांना पुढे चीनला पाठवले गेले, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. परतले तेव्हा घरे-दुकाने लिलावात गेलेली.

कोटणीसांचे गुण गाताना या माणसांचे नाव आपण कधी घेतले नाही. देवळीतून सुटलेली बरीच कुटुंबे आता कॅनडात, टोरांटोच्या परिसरात राहतात. भारत सरकारने झाल्या अन्यायाची माफी मागावी, एवढी त्यांची मागणी आहे. छावणीत बालपण गेलेली माणसे आता सत्तरीत आणि ऐंशीत आहेत. ती हयात आहेत तोवर सरकारने माफी मागावी, आणि ती मागणी आधी आपण, कोटणीसांच्या महाराष्ट्राने, करावी.