परतीची वाट



वालीव येथील कारखान्यांच्या गाळ्यांतून माल वाहणाऱ्या एका टेंपोची हकीगत आम्ही आज आपणांपुढें ठेवितों. पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे गाडी सुरू करूं गेलें असतां सेल्फ कण्हे, दिवे मंद होत आणि इंजिन कांहीं फिरत नसे. मालकानें ठरविलें कीं, क्लीनर पोरगा रात्रीं दिवे लावून निजतो, म्हणून बॅटरी उतरते. पोरगा शपथेवर नाहीं म्हणत असतां त्यास कामावरून काढून टाकलें व आठवड्याची मजुरी अडकवून ठेविली. नवी बॅटरी आणिली. चार दिवसांनीं पुन्हां तेंच रडगाणें!

मग एका वृद्ध मिस्त्र्यानें गाडीखालीं वांकून पाहिलें. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. बॅटरींतून निघालेली वीज सेल्फ फिरवून परत बॅटरीकडे यावयाची, तर इंजिन व चेसीस यांस जोडणारी, तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी लागते. तिला अर्थची पट्टी म्हणतात. ती खालीं, चिखलपाणी उडेल अशा जागीं होती. समुद्राजवळच्या दमट हवेनें तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. एकदोन धागे तेवढे उरले होते. मीटर लाविला तर जोड धड दिसे, कारण मीटरला इवलीशी वीज पुरते. सेल्फ मात्र शंभराहून अधिक अँपियर मागतो. 150 अँपियर वाहत असतां वाटेंत ओहमाच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी 12 पैकीं दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात.

बॅटरी भरलेली होती, सेल्फही निर्दोष होता. बिघडली होती ती परतीची वाट.

मिस्त्र्यानें काय केलें तें पाहा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडिली. जुनीहून जाड अशी नवी पट्टी घेतली. पण ती जुन्या जागीं बसविली नाहीं, कारण तेथें तीही गंजली असती. सायलेन्सरपासून दूर, वरची कोरडी व भक्कम जागा निवडिली. तेथील रंग कानशीनें खरवडून लोखंड उघडें केलें. रंग कितीही सुंदर असो, त्यांतून वीज जात नाहीं. दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लाविलें. पट्टी ताणून न बांधतां थोडी सैल ठेविली, कारण इंजिन हलतें आणि ताणलेली पट्टी तुटते. ऋण तार पुन्हां जोडून सेल्फ मारिला. गाडी एका दमांत सुरू झाली.

बंधूंनो, आम्हां मंडळींतही असेंच नाहीं काय? प्रार्थना होते, गायन होतें, कृपा तर भरपूर आहे. तथापि जीवन पुढें सरकत नाहीं. मग आपण दुसऱ्यास दोष देतों. ओझें नसतां आपली प्रीति धड दिसते. संकटाचा भार पडला म्हणजे उरलेले धागे किती तें कळतें. पश्चात्ताप म्हणजे नुसती नवी पट्टी नव्हे. ज्या संगतींत व ज्या संवयींत आपण गंजलों, ती जागाही सोडली पाहिजे आणि वरचा रंग खरवडून निघाला पाहिजे. शिवाय एकमेकांस जोडतांना थोडें सैलही असावें; सहनशीलता ती हीच.

त्या मालकाचें पुढें काय झालें? रविवारीं तो उपासनेस निघाला, पण अर्ध्या वाटेवरून वळला. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, हें डोंगरावरील प्रवचनांतील शिक्षण त्यास आठवलें. पोराच्या दारीं जाऊन त्यानें मजुरी चुकती केली आणि त्याच्या आईसमक्ष क्षमा मागितली. उपासनेस त्यास उशीर झाला. पण आम्हांस वाटतें, त्या दिवशीं तोच खरा वेळेवर पोहोंचला.

वाचकहो, तुम्हीं आम्हीं कोणाची मजुरी, कोणाचें नांव, कोणाचा मान अडकवून ठेविला आहे? आजच वांकून पाहूं या. प्रभु आपणां सर्वांस ती नम्रता देवो. आमेन.