मान कोणाची, मानदंड कोणाचा?

मराठीत 'मान' हा शब्द मोठा सोयीचा आहे. डोके पेलते ती मान, सभेत मिळतो तो मान, आणि तापमानात, परिमाणात दडलेले माप तेही मानच. मोटारींच्या सीटच्या चाचण्यांविषयी वाचताना या तिन्ही अर्थांचा गुंता समोर आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

उभ्या गाडीला मागून दुसरी गाडी धडकली की सीटची पाठ आपल्या पाठीला पुढे ढकलते. डोके मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मानेला इंग्रजी 'एस'सारखा बाक येतो आणि मग डोके मागे फेकले जाते. आपण म्हणतो, मानेला हिसका बसला. इंग्रजांना त्यात चाबकाचा फटकारा दिसला, म्हणून 'व्हिपलॅश'. गाडीचे नुकसान पुष्कळदा बंपरपुरतेच असते. रक्त नाही, हाड मोडलेले नाही, एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. पण काहींची मान महिनोन्‌महिने, क्वचित जन्मभर दुखते. न दिसणाऱ्या दुखण्याची काय किंमत होते हे घरोघरी ठाऊक आहे. घरचे म्हणतात 'ढोंग', विमा कंपनी म्हणते 'पुरावा आणा'.

स्वीडनमध्ये या दुखण्याकडे गांभीर्याने पाहिले गेले. १९९७ साली साबने धडकेच्या क्षणी डोक्याकडे सरकणारे हेडरेस्ट आणले. १९९८ साली व्होल्वोने धक्क्याबरोबर मागे झुकून जोर पचवणारी सीट काढली. चाचणीसाठी पूर्वीचे पुतळे निरुपयोगी होते, कारण समोरच्या धडकेसाठी घडवलेला त्यांचा कणा ताठ होता. म्हणून तिथे 'बायोरिड' नावाचा पुतळा तयार झाला. त्याच्या कण्यात माणसासारखे २४ मणके: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. घसरगाडीवर नुसती सीट बसवायची, तिच्यावर हा पुतळा, आणि हिसका द्यायचा. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संस्थेने २००४ पासून अशा चाचण्यांचे निकाल जाहीर केले. तिथला हिसका, तितक्याच वजनाची गाडी ताशी ३२ किलोमीटर वेगाने मागून आदळावी, एवढा असे. युरो एनकॅपने २००८ मध्ये आपली चाचणी सुरू केली. परीक्षेत जे येते तेच वर्गात नीट शिकवले जाते, हे आम्हा मास्तर मंडळींइतके कोणाला कळणार! गाड्यांच्या सीट सुधारल्या. जिवंत माणसाच्या शब्दावर जो विश्वास बसत नव्हता, तो पुतळ्याच्या आकड्यावर बसला. याची गंमत वाटावी की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण तो पुतळा कोणाचा? साधारण १७५ सेंटीमीटर उंच, ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा. आणि असा हिसका बसल्यावर दुखापतीचा धोका, निरनिराळ्या अभ्यासांनुसार, स्त्रियांना पुरुषांच्या दीडपट ते तिप्पट! संशोधकांचे म्हणणे असे की, जड शरीराच्या हिशेबाने घडवलेली सीटची पाठ हलक्या शरीराला फार ताठ पडते. लहान चणीच्या बाईचा एक पुतळा पूर्वीपासून होता, परंतु तो पुरुषाच्याच पुतळ्याचे लहान माप, आणि तोही या चाचणीसाठी नव्हे.

इथे खलनायक शोधू जाल तर सापडणार नाही. अभियंत्यांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. पुतळा महाग असतो, कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि मध्यम बांध्याचा पुरुष त्यांना 'माणूस' म्हणून सहज सुचला. द्वेष नसताना घडलेल्या गोष्टीला अन्याय म्हणावे का? पहिल्या पुतळ्यापुरते मी म्हणणार नाही. परंतु स्त्रियांना हा धोका अधिक आहे ही नोंद १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून होत होती. मध्यम बांध्याच्या स्त्रीचा, खास या धक्क्यासाठीचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने पुढे आणला तो २०२२ साली: उंची १६२ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. मधली पन्नासेक वर्षे अज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. माहिती हाती आल्यावरही जुनेच माप चालवायचे, ही निवड झाली. आणि निवडीचा जाब विचारता येतो.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या मापाची सीट कशी करणार? खरेच आहे. वर्गाची सरासरी ५२ आली तरी बरोबर ५२ गुणांचा मुलगा वर्गात असतोच असे नाही. कोणतेही एक माप कोणाला तरी बाहेर ठेवणारच. पण ज्यांना इजा अधिक होते, नेमके तेच बाहेर राहत असतील तर 'सरासरी' हे उत्तर पुरत नाही. मापाची सुरुवात सर्वांत नाजूक मानेपासून व्हायला काय हरकत होती?

आपल्या हातात तूर्त हेडरेस्ट आहे. ते वर-खाली होते, हे पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानी नसते. अमेरिकन निकषांप्रमाणे त्याची वरची कड डोक्याच्या माथ्यापासून ६ सेंटीमीटरहून खाली नसावी, आणि डोक्यामागचे अंतर ७ सेंटीमीटरच्या आत असावे. गाडी चालवणारे गृहस्थ आपल्यापुरते ते लावून घेतात. शेजारच्या सीटवरचे मात्र गाडी घेतली त्या दिवशी होते तिथेच असते.