'देवाची मर्जी' म्हणण्यापूर्वी



काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेस असताना, आम्ही एका तेवीस वर्षांच्या मुलाचा अंत्यविधी केला. लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम आटोपून तो मोटारसायकलवरून घरी निघाला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हते, पोटात दारू होती. वळणावरच्या विजेच्या खांबावर गाडी आदळली. दुसऱ्या दिवशी चर्च माणसांनी भरून गेले होते. पहिल्या बाकावर त्याची आई बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरले नव्हते. प्रवचनात आम्ही म्हणालो, "ही देवाची मर्जी. त्याला हा मुलगा हवा होता, त्याने तो नेला." ऐकणाऱ्यांना बरे वाटले. खरे सांगायचे तर आम्हालाही बरे वाटले, कारण अशा वेळी काय बोलावे हे आम्हाला सुचत नव्हते.

आठवड्याभराने एक गृहस्थ ऑफिसात आले. ते प्रायश्चित्त संस्कारासाठी आले नव्हते आणि सांगायला त्यांची परवानगी आहे, म्हणूनच हे लिहीत आहोत. त्या रात्री मांडवात पाहुण्यांकडे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. मुलाचा तोल जातो आहे हे बघून त्यांनी गाडीची चावी त्याच्याकडून काढून घेतली होती. तासाभराने मुलगा चिडला. "काका, मी काय लहान आहे काय?" असे चारचौघांत बोलला. उगाच तमाशा नको म्हणून यांनी चावी परत दिली.

"फादर, तुम्ही देवाची मर्जी म्हणालात," ते म्हणाले. "मग चावी देवाने दिली की मी?"

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आम्हाला आला होता. देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा? आम्ही फाडफाड उत्तर दिले, गुणही चांगले मिळाले. पण टेबलापलीकडे बसलेल्या त्या माणसाच्या हाताची थरथर पाहताना त्यातले एक वाक्य आठवेना.

आपल्या मुलखात जुनी समजूत आहे की, बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आपण ख्रिस्ती घरांतले लोक तसा कागद ठेवत नाही, पण भाषा तीच बोलतो. 'त्याच्या कपाळी होते', 'वेळ आली होती', 'नशिबात नव्हते'. सटवाईचे नाव काढले आणि तिच्या जागी देवबापाचे नाव घातले, एवढाच काय तो फरक. (मुलीची पत्रिका हळूच दाखवून येणारेही आपल्यात आहेत. ते कोण हे आम्ही विचारत नाही.)

असे करणारे आपण पहिले नाही. संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिषांच्या नादी लागले होते. इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ते लपवलेले नाही. ज्योतिषी त्यांना का आवडत? कारण पाप केले ते शुक्राने, शनीने किंवा मंगळाने, असे म्हणता येते आणि माणूस नामानिराळा राहतो. विंदिसियन नावाच्या वृद्ध वैद्यांनी त्यांना हे सोडून देण्यास सांगितले, पण ऑगस्टीन ऐकेनात. पुढे फर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना एक हकीकत सांगितली. हा फर्मिनस ज्या क्षणी जन्मला, त्याच क्षणी वडिलांच्या स्नेह्याच्या घरी एका दासीला मूल झाले. दोन्ही घरांतून वेळ कळवायला माणसे धावली आणि ती बरोबर निम्म्या वाटेवर भेटली. ग्रह तेच, घटका तीच. फर्मिनस मानाने, पैशाने वाढला आणि दासीचा मुलगा गुलामच राहिला. तेव्हा कुठे ऑगस्टीनचे डोळे उघडले. एसाव आणि याकोब या जुळ्या भावांचेही त्यांना मग आठवले.

ग्रह गेले, तरी देवाचे ज्ञान राहतेच. त्याचे काय? इ. स. ५२४ च्या आसपास बोएथियस नावाचा विद्वान मंत्री राजाच्या अवकृपेमुळे तुरुंगात मृत्यूची वाट पाहत होता. तिथे त्याने हा प्रश्न मन लावून सोडवला. त्याचे उत्तर आम्ही आपल्या भाषेत सांगतो. चर्चच्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालचे दोन्ही रस्ते एकदम दिसतात. एका रस्त्याने कोणी चालला आहे हे तो पाहतो, पण त्याच्या पाहण्यामुळे तो माणूस चालत नसतो. देवाला काल, आज आणि उद्या असे एकदम दिसतात. पाहणे म्हणजे ढकलणे नव्हे. उपमा लंगडी आहे, हे कबूल. देव काही मनोऱ्यावरचा बघ्या नाही, तो कृपा देतो, आतून हाकही मारतो. त्या काकांच्या मनात चावी काढून घ्यावी असे आले, ते काय उगीच आले? पण हाकेला ओ देणे आपल्याकडे राहते.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जात आहे असे प्रभू येशू म्हणतो आणि त्याच दमात त्याला धरून देणाऱ्याबद्दल हळहळतो. एकाच वाक्यात दोन्ही! देवाची योजना आहे म्हणून यहुदा सुटत नाही. त्याच रात्री पेत्राचे नाकारणेही प्रभूने आधीच सांगितले होते. दोघांचेही भाकीत झाले आणि दोघेही घसरले.

यहुदाला पश्चात्ताप झाला नाही असे आपण समजतो. संत मत्तय तसे सांगत नाही. यहुदा तीस रुपये घेऊन मंदिरात परत गेला, आपण पाप केले असे त्याने उघड म्हटले. पण कोणापुढे? मुख्य याजकांपुढे. ते म्हणाले, त्याचे आम्हाला काय, तुझे तू बघ. पैसे फेकून तो गेला आणि त्याने गळफास लावून घेतला. एक माणूस स्वतःच्या तोंडाने 'हे मी केले' म्हणत याजकांकडे आला आणि याजकांनी त्याला वाऱ्यावर सोडले. आम्ही स्वतः याजक आहोत, म्हणून हा उतारा आम्हाला वाचवत नाही. त्या गृहस्थाला आम्ही पाठीवर थोपटून 'जाऊ द्या हो, त्याची वेळ आली होती' असे म्हणालो असतो, तर तेही त्याच जातीचे उत्तर झाले असते. फक्त अधिक गोड. जे विधिलिखित आहे त्याची क्षमा कोण मागणार आणि कोण देणार?

आता उलट टोकही नको. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभूने स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. वळणावर खांब होता, रात्र होती, त्यात कोणाचे पाप शोधायचे? आणि ज्याला व्यसनाने जखडले आहे त्याचा दोष आपण मोजू नये. १९९२ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १७३५) स्पष्ट म्हटले आहे की अज्ञान, भीती, दडपण, सवय अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी नाहीशीही होते. चारचौघांतली लाज हेही दडपणच. त्यामुळे त्या गृहस्थाच्या वाट्याला सगळे येत नाही. मुलाचे काही होते, ज्यांनी पेला पुन्हा पुन्हा भरला त्यांचे होते, काही गावाच्या रिवाजाचे होते. पण थोडेसे त्यांचे होते आणि ते थोडेसे कोणी काढून घ्यावे अशी त्यांची इच्छाच नव्हती. ते आम्ही त्यांना तसेच सांगितले.

"चावी तुम्ही दिलीत," आम्ही म्हणालो. "आधी काढून घेतलीत, तेही तुम्हीच."

ते बराच वेळ बसून होते.

महिन्याच्या मिस्सेत आम्ही अंत्यविधीच्या वेळचे आमचे वाक्य मागे घेतले. आपली लेकरे खांबावर आपटावीत अशी देवाची मर्जी नसते, तो त्या आईबरोबर रडतो, असे म्हणालो. काही मंडळींना ते रुचले नाही. जखमेवरची खपली कशाला काढायची, असे एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला नंतर ऐकवले. त्यांचेही चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही.

त्याच संध्याकाळी ते गृहस्थ त्या आईच्या घरी गेले. आम्ही फाटकापर्यंत सोबत होतो. आत येऊ नका, असे त्यांनीच सांगितले. पाऊण तासाने ते बाहेर आले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही, आजवर विचारलेले नाही.

पुढच्या लग्नसराईत एका मांडवाच्या दाराशी ते खुर्ची टाकून बसलेले दिसले. पुढ्यात मिठाईचा रिकामा डबा होता आणि त्यात सात-आठ चाव्या होत्या. एक तरुण त्यांच्याशी हुज्जत घालत होता. काका मान खाली घालून ऐकत होते, पण हात डब्याच्या झाकणावर होता.