शार्ड आणि खापर

'शार्ड' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर किरकोळ आहे. तुकडा म्हणावे आणि पुढे जावे. पण तुकडा भाकरीचा असतो, कापडाचा असतो, जमिनीचा असतो. जमिनीचा तुकडा नावावर झाला की माणूस पेढे वाटतो. शार्डचे पेढे कोणी वाटत नाही. तो कडक आणि ठिसूळ वस्तू फुटल्यावरच जन्माला येतो आणि त्याला धार असते. लोकर कातरण्यासाठी इंग्रजीत जो 'शिअर' शब्द आहे, तो याच्या नात्यातला. जुन्या इंग्रजीत तर या शब्दाचा अर्थ खाच, फट असाही होता. म्हणजे निखळलेला तुकडा आणि तो निखळल्यावर राहिलेली रिकामी जागा, दोघांना नाव एकच.

काचेचा तो शार्ड आणि मातीच्या भांड्याचा तो 'शर्ड', असा स्पेलिंगातला भेद पुरातत्त्ववाले कसोशीने पाळतात. लंडनमध्ये 2012 साली पूर्ण झालेली तीनशे मीटरहून उंच इमारत 'द शार्ड' याच नावाने ओळखली जाते. आमच्या गुरुग्राममध्ये उद्या एखाद्या टॉवरला हे नाव दिले तर कोणाला खटकणार नाही. 'खापर हाइट्स'मध्ये मात्र फ्लॅट विकला जाणार नाही. त्याच गुरुग्राम-नोएडाच्या कचेऱ्यांत संगणक अभियंते दिवसभर 'शार्ड' म्हणत असतात. एका यंत्रावर न मावणारी माहिती अनेक यंत्रांवर वाटून ठेवायची, त्यातला प्रत्येक वाटा म्हणजे शार्ड. तिथे काही फुटलेले नसते. कोणता वाटा कुठे आहे याची नोंद असते, म्हणून मागाल ती माहिती एकसंध हाती येते. ही नोंद हरवली तर मात्र ते खरोखरीचे शार्ड होतील.

मराठीतला जवळचा शब्द खापर. त्याचा स्वभाव निराळा आहे. शार्ड स्वतःच्या धारेकडे बोट दाखवतो, खापर ज्या मडक्याचे होते त्या मडक्याकडे. खानदेशात तर खापर मुळात फुटलेलेच नसते. चुलीवर पालथे घातलेले ते अख्खे मातीचे भांडे असते आणि त्यावर हातभर पसरलेले मांडे भाजतात. आपल्या नात्यांतही खापर आहे. आजोबा, पणजोबा आणि त्यांच्याही मागे खापरपणजोबा. तो शब्द तिथे कसा आला याची व्युत्पत्ती मी सांगणार नाही, पण चेहरा, आवाज, बहुधा नावही विसरले गेलेल्या पूर्वजाला आपण या शब्दाने हाक मारतो, हे मला फार नेमके वाटते. संस्कृतातल्या 'कपाल'चेही तसेच. यज्ञात अग्नीसाठीचा पुरोडाश आठ कपालांवर भाजत. ती कपाले म्हणजे मातीची खापरेच. तोच शब्द कवटीला लागला आणि मराठीत येईपर्यंत कपाळ झाला. खापर माथ्यावर फुटते तेव्हा खापरावर खापर फुटत असते म्हणायचे.

दिल्लीत खापराकडून किती अपेक्षा करतात, हे पाहायचे तर पुराना किल्ल्यात जावे. हुमायून आणि शेरशाह यांच्या या किल्ल्याच्या आत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंद्रपत नावाचे खेडे होते. नवी दिल्ली बांधताना ते उठवले. इंद्रपत म्हणजे इंद्रप्रस्थ, ही लोकांची जुनी समजूत. 1954-55 मध्ये ब्रजबासी लाल यांनी इथे चाचणी-उत्खनन केले, तेव्हा चित्रित करड्या मृत्पात्रांची काही खापरे मिळाली. पातळ, चाकावर घडवलेली, भट्टीत हवा कोंडून भाजल्यामुळे राखाडी झालेली भांडी, त्यांवर काळ्या रंगात रेघा, ठिपके, वर्तुळे. लाल यांनी त्याआधी हस्तिनापुरात हीच भांडी शोधली होती आणि महाभारताशी नाव जोडलेल्या कितीतरी ठिकाणी ती आढळतात म्हणून त्यांचा त्या कथेशी संबंध लावला होता. पुढे 1969 ते 1973 या काळात पुराना किल्ल्यात मोठे उत्खनन झाले. मौर्यकाळापासून मोगलांपर्यंतचे थर सलग लागले, पण करड्या भांड्यांचा स्वतंत्र थर काही सापडला नाही. वसंत स्वर्णकार यांच्या देखरेखीखाली 2013-14, 2017-18 आणि 2023 मध्ये पुन्हा खोदले गेले. करडी खापरे पुन्हा मिळाली आणि प्रत्येक वेळी बातमीचा मथळा पांडवांचाच होता.

मला त्या कुंभाराची दया येते. ही भांडी स्थूलमानाने तीन हजार वर्षांपूर्वीची. ती वापरणारी माणसे कुडाच्या, मातीने लिंपलेल्या घरांत राहत, शेती करत, गुरे पाळत. त्यांच्या ताटल्या-वाडग्यांचा तुकडा बरेच काही सांगू शकतो: माती कुठली, चाक कसे फिरले, भट्टी किती तापली, कोणत्या थरात पडला. मयसभा होती का, द्यूत कोणी खेळले, हे तो सांगू शकत नाही, कारण त्याला ते माहीत नाही. त्याला जे माहीत आहे ते विचारायला मात्र कोणी थांबत नाही. एखाद्या मोलकरणीला तिच्या गावाचे, घराचे काही न विचारता 'शेजारच्या बंगल्यात काय चालले आहे ते सांग' म्हणावे, तसा हा प्रकार आहे. श्रद्धेला पुरावा नको असेल तर खापराला त्रास देऊ नये. पुरावा हवाच असेल तर तो जे सांगेल तेवढेच ऐकावे.

हाच अन्याय माणसांवर होतो तेव्हा त्याला आपण 'खापर फोडणे' म्हणतो. हिंदी वाहिन्यांवर रोज कोणाच्या तरी 'सर पर ठीकरा' फुटत असतो. ठीकरा म्हणजेही खापरच. ग्रीकांनी तर हे शब्दशः केले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक फुटक्या खापरीवर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव कोरून मत देत, आणि ज्याच्यावर मते पडत त्याला दहा वर्षे शहराबाहेर जावे लागे. खापरीला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्राकॉन', त्यावरून इंग्रजीतला बहिष्काराचा शब्द आला. 1937 साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या. अक्षरे तपासली तेव्हा त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या निघाल्या. वाटण्यासाठी तयार करून ठेवलेल्या असाव्यात. राग नागरिकांचा, खापरी मात्र आयती.

दिल्लीत अशा आयत्या खापऱ्या दर ऑक्टोबरात निघतात. हवा काळवंडली की पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याने जाळलेल्या पिकाच्या खुंटांकडे, म्हणजे परालीकडे बोट जाते. तिकडचे लोक दिल्लीच्या मोटारी आणि बांधकामांची धूळ दाखवतात. यात खोटे काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. पराली जळते, तिचा धूर दिल्लीत येतो, काही दिवस त्याचा वाटा मोठा असतो. उपग्रहाच्या चित्रांत ते ठिपके दिसतात. पण डिसेंबर-जानेवारीत शेतातल्या आगी विझलेल्या असतात, तेव्हाही दिल्लीला श्वास घेता येत नाही. आणि शेतकरी काडी का ओढतो? भूजल वाचवण्यासाठी 2009 साली या दोन्ही राज्यांनी कायदे केले आणि भाताची लावणी पावसाळ्याच्या तोंडाशी ढकलली. त्यामुळे कापणी उशिरा आली आणि गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे हाती राहिले. कापणीचे यंत्र खुंट उभे ठेवून जाते. भाताला सरकारी खरेदीची हमी आहे म्हणून भातच लावला जातो आणि तो तांदूळ देशभरच्या रेशन दुकानांत पोहोचतो. आगीच्या खाली असे थरावर थर आहेत. पाणी वाचवावे म्हणून केलेला कायदाही त्यांत आहे, माझ्या ताटातला भातही. शेतकऱ्याच्या हातातली काडी हे खरे खापर आहे. त्याला अख्खे मडके म्हणणे खोटे.

म्हणून शेतकऱ्याचा काही दोष नाही, असे कोणी म्हटले तर तेही मला पटत नाही. थर दाखवले की दोष विरून जातो आणि मग कोणीच जबाबदार राहत नाही, ही पळवाट दिल्लीला चांगली ठाऊक आहे. उत्खननात खापर धुऊन, वाळवून त्याच्यावर शाईने स्थळ, वर्ष, चर आणि थर लिहितात. थर लिहिल्याने खापर नाहीसे होत नाही, उलट त्याचे वजन नेमके कळते. दोषाचेही तसे करता यावे: काडी ओढणाऱ्याचा एवढा, कायदा करून पुढची सोय न करणाऱ्याचा एवढा, दोन मोटारी बाळगणाऱ्या माझ्या सोसायटीतल्या घरांचा एवढा. हे काम कंटाळवाणे आहे. त्यातून मथळा निघत नाही.

पुराना किल्ल्याबद्दल एक गोष्ट राहिली. सप्टेंबर 1947 मध्ये दिल्लीतले हजारो मुसलमान जीव वाचवायला या तटांच्या आत येऊन राहिले आणि इथून पाकिस्तानात गेले. नंतर तिकडून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांनी इथेच आसरा घेतला. उघड्यावर चुली पेटल्या असतील, सुरया फुटल्या असतील. त्यांच्या आधी इंद्रपतच्या बायकांचे माठ फुटत होतेच. ही सगळी खापरे सर्वांत वरच्या थरातली. खाली जायचे तर वरचा थर काढावाच लागतो, त्याला इलाज नाही. काढलेल्या खापरांचे ढीग उन्हात मांडून निवडले जातात: काठाचे, बुडाचे, नक्षीचे तुकडे ठेवायचे, बाकीचे मोजून टाकून द्यायचे. कोणाच्या सुरईचा साधा, बिननक्षीचा पोटाकडचा तुकडा त्या दुसऱ्या ढिगात जातो.