मानलेलें आणि जाणलेलें

बँकांच्या परीक्षांसाठीं आमचे तरुण हल्लीं ज्या अनुमानांचा सराव करितात, त्यांच्या शिरोभागीं एक सूचना असते : दिलेलीं विधानें लोकप्रसिद्ध गोष्टींशीं विसंगत भासलीं, तरी तीं खरीं मानून चालावें. सर्व खुर्च्या पक्षी आहेत, सर्व पक्षी नद्या आहेत. तेव्हां सर्व खुर्च्या नद्या ठरतात, आणि विद्यार्थ्यास गुण मिळतो.

हें हास्यास्पद म्हणून टाकून देणें योग्य नव्हे. कांहीं विद्वान् उर्मट आढळले कीं सर्वच विद्वानांस उर्मट म्हणण्याची आपणां सर्वांस जी खोड असते, तिला या सरावानें आळा बसतो. पूर्वग्रह बाजूस ठेवून दिलें असेल तेवढेंच वाचणें, ही बुद्धीची सचोटीच होय.

परंतु ती अर्धी सचोटी होय. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत, व त्यांत 'उदाहरण' हा एक आहे. पर्वतावर धूर आहे म्हणून तेथें अग्नि आहे, असें म्हणणारा नैयायिक स्वयंपाकघराचा दाखला देतो. धूर व अग्नि यांचें साहचर्य तेथें सर्वांनीं पाहिलेलें असतें. परीक्षेंतील खुर्च्यांस असा दाखला लागत नाहीं.

उद्यां हाच तरुण कचेरींत बसेल. अमुक जातीचे सर्व लोक कर्ज बुडवितात, आणि हा अर्जदार त्याच जातीचा आहे, असें कोणी त्यास सांगेल. निष्कर्ष नियमाप्रमाणें बिनचूक निघेल, व एका प्रामाणिक मनुष्याचा अर्ज फेटाळला जाईल. पहिलें विधान खरें कशावरून, हा प्रश्न परीक्षेंत विचारावयाचा नसतो. त्या अर्जावर सही करण्यापूर्वीं मात्र तो विचारलाच पाहिजे.