नागसेनाचा रथ आणि माझी एमजीबी

माझी एमजीबी गाडी १९६५ची, ॲबिंग्डनला बनलेली, १७९८ सीसीची. मेकॅनिक म्हणतो, डायनॅमो काढून अल्टरनेटर लावा आणि पाच गिअरांचा नवा बॉक्स बसवा. हिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून इंजिनाचा वेग जुळवावा लागतो.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र धरले तरी नाही, आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही. त्या भागांच्या आधाराने आपण रथ म्हणतो, एवढंच.

हे मला मनापासून पटतं. म्हणून मूळ नटबोल्टांची पूजा मला मान्य नाही. पण यावरून काहीही बदलावं असं ठरत नाही. भाग ज्या रीतीने एकमेकांवर विसंबतात, त्यात चालवणाऱ्याचा पाय आणि कानही येतात. पाय-कानांचं हे अवधान काढून घेतलं तर उरेल ती वेगळी गाडी.

अल्टरनेटर मात्र लावणार. त्यासाठी बॅटरीची जोडणी उलटी करावी लागेल, कारण हिचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं आहे. रात्री डायनॅमोवरच्या मंद दिव्यांनी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा मला अधिकार नाही. गिअरबॉक्सला हात लावू देणार नाही.