श्वासाचा नेम आणि शब्दाचा ऋतू

सुचणे ही गोष्ट माणसाच्या हातची आहे काय? गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, फार काय, कीर्तनाला उभे राहणाऱ्यालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. काल झरा वाहत होता, आज ठणठणीत कोरडा. मग कोणी रात्रीच्या रात्री जागतो, कोणी कपाळाला हात लावून बसतो. यावर उपाय म्हणून हल्ली चीन देशातील चीगाँग या श्वाससाधनेची फार वाखाणणी होते. निसर्गाच्या लयीने श्वास घ्या, म्हणजे प्रतिभा फुलेल, असे सांगतात. हे कितपत खरे? आणि खरे असले, तरी प्रतिभेच्या लोभाने साधना करावी काय? सज्जनहो, या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. ‘ची’ म्हणजे वाफ, श्वास, प्राण. ‘गाँग’ म्हणजे वेळ घालून, कष्टाने कमावलेली गोष्ट. हे नाव या साधनेला सरसकट लागले ते १९४९ नंतर. वस्तू मात्र फार जुनी. छांगशा शहरातील मावांगदुइ येथे १९७३ साली एक थडगे उघडण्यात आले. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये ते बंद झालेले. आत एक रेशमी वस्त्र निघाले आणि त्यावर व्यायाम करणारी ४४ माणसे रंगवलेली. पुढे हुआ तो नावाच्या वैद्याने वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाचांच्या हालचालींवरून एक व्यायाम बसवला, तो आजही चालू आहे. चिनी लोकांनी वर्षाचे २४ भाग पाडले आणि कोणत्या ऋतूत लवकर उठावे, कोणत्या ऋतूत उशिरापर्यंत निजावे, हेही त्यांच्या वैद्यकाने सांगून ठेवले. वसंतात उमलावे, हिवाळ्यात मिटावे, असा त्याचा सारांश.

ही गोष्ट शरीरापुरतीच राहिली नाही. सन ५०० च्या सुमारास ल्यू श्ये नावाच्या पंडिताने साहित्यशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘ची’चे पोषण कसे करावे यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याचे म्हणणे असे, की मन पिळून काढून लिहू नये. शीण आला की थांबावे, ताजे झाल्यावर पुन्हा हाती घ्यावे. म्हणजे विसावा हाही लेखनाचाच भाग झाला!

आता कोणी म्हणेल, अहो, हे सुखवस्तू माणसाला ठीक. ज्याच्या डोक्यावर संकट कोसळले, त्याने श्वास मोजत बसायचे की काय? याला उत्तर म्हणून सू शी या कवीचे चरित्र पाहण्यासारखे आहे. हाच पुढे सू तुंग-पो या नावाने ओळखला गेला. १०७९ साली, काव्यातून राजदरबाराची निंदा केली म्हणून त्याला पकडले. शंभराहून अधिक दिवस तो बंदिवासात होता. जीव वाचला, पण १०८० मध्ये यांगत्से नदीकाठच्या ह्वांगचौ गावी त्याला हद्दपार करण्यात आले. पगार बंद, घरात खाणारी तोंडे पुष्कळ.

तेथून त्याने एका स्नेह्याला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो घरखर्चाची व्यवस्था सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ४५०० नाणी काढायची, त्यांच्या ३० जुड्या करायच्या आणि त्या घराच्या तुळईला टांगायच्या. रोज सकाळी काठीने एक जुडी उतरवायची आणि लगेच काठी लपवून ठेवायची! दिवसाकाठी १५० नाणी, अधिक नाही. त्यातून उरले तर ते बांबूच्या नळीत, पाहुण्यांसाठी. त्याच पत्रात तो असेही कळवतो, की येथल्या ताओपंथी मठात तीन खोल्या मिळाल्या आहेत. हिवाळ्यातील सर्वांत मोठी रात्र सरली की आत शिरणार आणि ४९ दिवसांनी बाहेर येणार. दिवसही पाहा कसा निवडला! त्या रात्रीनंतर उजेड तिळातिळाने वाढू लागतो, म्हणून चिनी विचारात तो नव्या प्राणाचा आरंभ मानतात. आपली साधना कशी, हेही त्याने अन्यत्र लिहून ठेवले आहे. मध्यरात्रीनंतर मांडी घालून पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून बसायचे, ३६ वेळा दातावर दात वाजवायचे आणि मग श्वास आवरायचा.

एकाच पत्रात पैशाचा हिशेब आणि साधनेचा बेत! मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे शिकवण एकच आहे: जे आहे ते मोजून वापरावे, आणि उद्याचे आज ओढून घेऊ नये.

पुढच्या वर्षी त्याला जुन्या छावणीची पडीक जमीन कसायला मिळाली. गावाच्या पूर्वेची ती उतरण. ‘तुंग-पो’ म्हणजे पूर्वेची उतरण, आणि तेच त्याचे नाव पडले. गव्हाची रोपे तरारून वर आली तेव्हा तो हरखला. पण एका शेतकऱ्याने सांगितले, पाल्याला भुलू नका. दाणा हवा असेल तर गुरेमेंढरे सोडून हा पाला चारा. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात, त्यातलाच हा प्रकार. वाढ थोडी आवरली म्हणजे पीक भरते. कवीने हा उपदेश आनंदाने ऐकून घेतला.

याच ह्वांगचौमध्ये १०८२ साली त्याने ‘लाल कडा’ या विषयावरच्या दोन रचना केल्या. पहिली शरदातल्या चांदण्या रात्रीची, दुसरी हिवाळ्याच्या तोंडाची. चीनमध्ये आज नऊ शतकांनंतरही त्या आवडीने वाचल्या जातात.

मग ४९ दिवसांचे हे फळ, असे म्हणावे काय? नाही. अमुक साधनेतून अमुक काव्य निघाले, असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. हद्दपारीचे दुःख होते, नदी होती, मित्र होते, मद्यही होते. आणि मुळात बुद्धी थोर होती. शिवाय ध्यानात घ्या, तो मठात गेला तो कविता मिळावी म्हणून नव्हे. कवितेपायीच तर जिवावर बेतले होते! त्याच पत्रात, लेखणी आवरून धरली आहे, असेही तो सांगतो. त्याला आपले जीवन सावरायचे होते. जीवन सावरले, आणि शब्द आपल्या ऋतूत आले.

याच्या उलट काय होते तेही पाहावे. १९८० नंतर चीनमध्ये चीगाँगची मोठी लाट उसळली. सभागृहे तुडुंब भरू लागली. कोणी कानाने अक्षरे वाचतो म्हणे, कोणी दुरून रोग घालवतो म्हणे. भोळी माणसे औषध सोडून बुवांच्या मागे लागली. श्वास तोच होता, हालचालीही त्याच. हेतू मात्र बदलला होता. जेथे चमत्काराची मागणी आली, तेथे साधनेचा बाजार व्हायला वेळ लागला नाही. मग प्रतिभेची मागणी तरी निराळी कशी? तीही एक प्रकारची सिद्धीच. आज बसलो, उद्या कविता द्या, ही सावकारी झाली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: श्वासाचा नेम आणि ऋतूंची सोबत यांनी सुचण्याची हमी मिळत नाही, पण उतावळेपणा कमी होतो, मन निवते, आणि सुचेल तेव्हा ते झेलायला माणूस जागा असतो. दुसऱ्याचे उत्तर असे: फळासाठी नेम धरला, तर फळ लांबले की नेम सुटतो. नेम आपल्या जीवनासाठी धरावा. मग न सुचण्याचे दिवसही वाया जात नाहीत. थंडीत शेत उघडे पडले म्हणून शेतकरी त्याला आळशी म्हणतो काय? तो बांध नीट करतो, बी निवडून ठेवतो, आणि दिवस मोठा होण्याची वाट पाहतो.